सीझन तिकीट

वडील गेल्यावर काही महिन्यांनी मी त्यांची लाकडी पेटी उघडली. तीत धोतरांच्या खाली दोऱ्याने बांधलेली रेल्वेच्या पासांची एक चळत होती. कल्याण ते दादर, दुसरा वर्ग. वडील दादरला एका छापखान्यात खिळे जुळवीत. घरात आम्ही सारे ‘पास’ म्हणत असू. वडील मात्र छापील शब्दाला मान देणारे. ते ‘सीझन तिकीट’ असेच म्हणत.

हे नाव मला लहानपणी चमत्कारिक वाटे. महिन्याच्या तिकिटाला ‘सीझन’ कशासाठी? तो शब्द मी पुढे कोशात पाहिला आणि थक्क झालो. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘सातिओ’ या शब्दात आहे, आणि ‘सातिओ’ म्हणजे पेरणी! पेरणीची क्रिया, मग पेरणीचा काळ, मग कोणत्याही कामाचा योग्य काळ, असा तो फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत पसरत गेला. पुढे ऋतूलाही तेच नाव मिळाले. इंग्लंडात कॅन्टरबरी ते व्हिट्स्टेबल या लहानशा रेल्वेने १८३४ साली सीझन तिकिटे दिली, ती उन्हाळ्यात समुद्रस्नानाला जाणाऱ्या मंडळींसाठी. तेथे निदान ‘मोसम’ तरी होता. पुढे रोज कामावर जाणाऱ्यांच्या हाती ते तिकीट आले. मोसम गेला, नाव राहिले. (आपला ‘हंगाम’ शब्दही असाच फिरला आहे. पिकाचा तो हंगाम, आणि आज आहे, उद्या नाही, ती नोकरी हंगामी! मी स्वतः तीन वर्षे हंगामी कारकून होतो, म्हणून हे विशेष ध्यानात राहिले.)

कोश मिटून मी ती चळत पुन्हा हाती घेतली आणि पास तारखेप्रमाणे लावू लागलो. आरंभीच्या वर्षांत जूनचा पास कोठेच नव्हता. त्याचे कारण मला ठाऊक होते. मृग जवळ आला, की वडील बिनपगारी रजा घेऊन पुरंदरकडील आमच्या गावी जात. बाजरीची पेरणी ते दुसऱ्याला करू देत नसत. चाड्यावर मूठ धरावी ती त्यांनीच, असे गावात म्हणत. पेरणीच्या दिवसांत त्यांच्याजवळ पेरणीच्या नावाचे ते तिकीट नसे!

१९७४ सालचा जूनचा पास मात्र चळतीत होता. त्या वर्षी मला विषमज्वर झाला होता. वडील मुंबईतच राहिले. दिवसा छापखाना, रात्री माझ्या उशाशी. औषधाला पैसे लागत, म्हणून रजा घेतली नाही. रान शेजाऱ्याला वाट्याने दिले. ते एका वर्षापुरते, असे त्या वेळी ठरले होते. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी जूनचा पास आहे. मी बरा झालो, शाळेत जाऊ लागलो, आणि वडील गावी का जात नाहीत, हे मी त्यांना एकदाही विचारले नाही.

तो पास मी उलटून पाहिला. मागे शिसपेन्सिलीने, त्यांच्या बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘गावचे पत्र आले. पाऊस पडला. वाफसा चांगला आहे.’