अवघडपणा कुठे ठेवायचा?

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या व्हिडिओ गेममध्ये ‘सोपं, मध्यम, कठीण’ असा पर्याय नसतो. हिदेताका मियाझाकी यांच्या ‘डेमन्स सोल्स’पासून (२००९) ‘एल्डन रिंग’पर्यंत (२०२२) हीच रीत. त्यामुळे बॉसपाशी, म्हणजे एखाद्या बलाढ्य शत्रूपाशी, अडकलेला खेळाडू एकतर गेमला अन्यायी ठरवतो, नाहीतर स्वतःच्या बोटांना दोष देतो. इतकी वर्षं हे गेम खेळल्यावर मला मात्र वाटतं, की बहुतेक वेळा नडते ती खेळण्याची शैली. फलंदाज तोच, पण खेळपट्टी बदलली की त्याची परीक्षाही बदलते, तसंच हे.

‘एल्डन रिंग’मध्ये जादूगार होणं सोपं, असं सर्रास म्हटलं जातं. लांबून मारता येतं, हे खरंच. पण कुप्या मिळतात जास्तीत जास्त १४. त्यांतल्या लाल किती, म्हणजे जीव भरायला, आणि निळ्या किती, म्हणजे मंत्रांसाठी, ही वाटणी लढाईआधीच करावी लागते. लेव्हलचे गुण बुद्धीत घातले की तब्येतीला कमी उरतात, मग जवळ आलेल्या बॉसचे दोन फटकेही पुरतात. इथे बोटांचं काम हलकं होतं, पण हिशेबाचं वाढतं.

ढालवाल्याचा हिशेब स्टॅमिनाचा. घाव अडवला की स्टॅमिना घटतो. तो संपला की ढाल बाजूला फेकली जाते आणि पुढचा घाव थेट अंगावर बसतो. ‘एल्डन रिंग’मधल्या मलेनिया या बॉसपुढे तर आणखी पंचाईत. तिचा वार ढालीवर झेलला तरी तिची जखम भरून येते. तरीही भल्यामोठ्या ढालीमागून भाला टोचत तिला हरवणारे आहेतच, कारण ती जेवढं भरून काढते त्याहून जास्त ते काढून घेतात. गुण श्रद्धेत घालून पवित्र शक्तीचा मारा करणाऱ्याला शेवटचा बॉस एल्डन बीस्ट छळतो. त्या माऱ्याने तो फारसा बधत नाही.

याच कंपनीचे काही गेम शैली निवडायला फारसा वाव देत नाहीत. ‘ब्लडबोर्न’मध्ये (२०१५) मार बसल्यावर लगेच उलटा वार केला, तर गेलेल्या जिवातला काही भाग परत मिळतो. मागे सरणाऱ्याला ही भरपाई नाही. ‘सेकिरो’त (२०१९) मुख्य शस्त्र एकच, कटाना. समोरच्याचा तोल मोडायचा, तर त्याच्या तलवारीला ऐन वेळी तलवार भिडवत राहायचं. लांब गेलात की त्याचा तोल सावरतो. कंपनीच्याच ‘डार्क सोल्स’मध्ये लोळण घेऊन सुटायची सवय लागलेला हात इथे आड येतो. आधी मुरलेलं कौशल्यच नडतं, म्हणून कित्येक जुन्या खेळाडूंना हा गेम सर्वांत कठीण वाटतो.

म्हणजे शैली बदलल्याने अवघडपणा नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते: कुणाच्या बोटांत, कुणाच्या हिशेबात, कुणाच्या संयमात. म्हणून आत्म्यांना मदतीला बोलावणाऱ्याला किंवा मंत्र टाकणाऱ्याला ‘खरा खेळाडू नव्हे’ म्हणणं मला पटत नाही. ही साधनं गेम बनवणाऱ्यांनीच दिली आहेत. ‘एल्डन रिंग’मध्ये तर रेनाला या बॉसला हरवल्यावर तिला लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन सगळे गुण नव्याने वाटता येतात. तेव्हा एकाच बॉसवर संध्याकाळ घालवण्याआधी एकदा शैली बदलून पाहा. आणि जी शैली घ्याल, तिचा त्रास सोसायला तुम्हाला आवडेल अशीच घ्या.