टोपीचे मोल

सन २०११ च्या आगमनकाळात आम्ही ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात होतो. इन नदीच्या खोऱ्यातील एका लहान गावचे वृद्ध धर्मगुरू आजारी पडले होते आणि त्यांच्या जागी सहा आठवडे मिस्सा अर्पण करण्याची जबाबदारी आमच्याकडे आली होती. वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या आम्हाला थंडी म्हणजे डिसेंबरातील पहाटेचा गारठा एवढेच ठाऊक. तेथे मात्र चर्चच्या पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ साचे आणि उघड्या डोक्याने अंगण ओलांडले, की कान जागेवर आहेत की नाहीत, हे हात लावून पाहावे लागे.

आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी चर्चच्या सभागृहात गावच्या स्त्रियांनी घरी केलेल्या वस्तूंचा बाजार भरला. एका मेजावर लोकरीच्या टोप्या मांडल्या होत्या. जाड, मऊ, घंटेच्या आकाराच्या. टाका म्हणून कोठे दिसत नव्हता. एक राखाडी टोपी आम्हाला आवडली. किंमत ४८ युरो. आमच्या तोंडून सहज उद्गार निघाला, "फावल्या वेळात केलेल्या टोपीला एवढे पैसे?"

मेजामागे सत्तरीच्या एक विधवा बाई बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "फादर, मंगळवारी दुपारी आपण माझ्याकडे कॉफीला या. माझा फावला वेळ कसा असतो, ते दाखवते."

मंगळवारी आम्ही गेलो. स्वयंपाकघरातील खिडकीजवळची एक खुर्ची, शेजारी लोकरीची परडी आणि क्रोशाची जाड सुई, हाच त्यांचा कारखाना. लोकर तेथल्याच डोंगरी मेंढ्यांची. त्या मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. बाईंनी मधोमध सहा टाक्यांचे कडे घातले. पुढच्या फेरीला बारा, मग अठरा, मग चोवीस. अशी प्रत्येक फेरीला सहाची वाढ केली, की सपाट चकती तयार होते. वाढीचे टाके दर वेळी एकाच जागी आले, तर गोल चकतीचा षट्कोन होतो; म्हणून त्यांची जागा सरकवत न्यावी लागते. चकती माथ्याएवढी झाली की वाढ थांबवायची, म्हणजे भिंत खाली उतरू लागते. शेवटी काठासाठी पुन्हा वाढ, पण बेताची. नाहीतर काठ लहरतो.

एक तयार टोपी त्यांनी आमच्या डोक्यावर ठेवली. ती हनुवटीपर्यंत आली! आम्हाला वाटले, बाईंचे माप चुकले. त्या हसल्या आणि त्यांनी वही उघडली. प्रत्येक लोकरीचा एक चौकोनी तुकडा त्या आधी विणतात, तो कढत पाण्यात आटवतात आणि दोन्ही मापे लिहून ठेवतात. या लोकरीचा २० सेंटिमीटरचा तुकडा आटून १४ सेंटिमीटरचा झाला होता. म्हणजे ५६ सेंटिमीटरच्या डोक्यासाठी टोपी ८० सेंटिमीटर घेराची हवी. लांबी आणि रुंदी सारखी आटतेच असे नाही, एकाच लोकरीचे दोन रंगही वेगळे वागतात. म्हणून प्रत्येक वेळी नवा तुकडा, नवे माप. टोपीची खरी रचना सुईने नव्हे, या वहीत होते, हे आमच्या ध्यानात आले.

मग ती अगडबंब टोपी, थोडा साबण आणि दोन टेनिसचे चेंडू धुलाईयंत्रात गेले. पाणी ६० अंशांचे. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि साबण यांनी ते उघडतात. वरून मार बसला की तंतू सरकत एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. अशा रीतीने लोकरीचा नमदा होतो. आपल्याकडील जुन्या पिढीला ठाऊक असलेले बुरणूस याच जातीचे. सुताला किंवा कृत्रिम धाग्याला असे खवले नसतात. त्यांना कितीही कढवा, त्यांचा नमदा होत नाही.

यंत्रातून बाहेर आलेली टोपी बाईंनी एका वाडग्यावर ओढून बसवली, अंगठ्याने काठ दाबला आणि दोन दिवस वाळण्यास ठेवली. फडताळावर एक मूठभर टोपी होती. ती काय, असे आम्ही विचारले. "एकदा पाणी जास्त तापले," त्या म्हणाल्या. "क्रोशाचे काम चुकले तर उसवता येते. नमदा उसवत नाही. आता ती न्याहारीच्या अंड्याला ऊब देते."

कॉफी झाल्यावर त्यांनी वहीचे शेवटचे पान आमच्यापुढे सरकवले. लोकर १५० ग्रॅम, १८ युरो. साबण व वीज, २ युरो. विणकाम सात तास; तुकडा, मापे, आटवणे आणि आकार देणे दोन तास. ४८ मधून २० गेले, उरले २८. नऊ तासांचे २८ युरो, म्हणजे तासाला तीन युरोंच्या थोडे वर. गावच्या कॉफीगृहात तेवढ्यात एक पेला कॉफी मिळे.

आम्ही मान खाली घातली. टोपी विकत घेतली. थोडे अधिक पैसे देऊ केले, ते बाईंनी घेतले नाहीत. "किंमत लिहिली आहे तेवढीच द्या, फादर. फक्त महाग म्हणू नका."

परतीच्या वाटेवर आम्हाला आठवत होते ते वसईचे घर. टोपी शिवणाऱ्यांचा आश्रयदाता संत क्लेमेंट, त्याचा सण २३ नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या उंबरठ्यावर येतो. पळून जाताना त्याने पायांना बोचू नये म्हणून वहाणांत लोकर घातली आणि घामाने व दाबाने तिचा नमदा झाला, अशी दंतकथा आहे. ती इतिहास नव्हे. आल्ताई पर्वतातील पाझिरिकच्या थडग्यांत सापडलेले नमदे ख्रिस्तजन्माच्याही आधीचे आहेत. पण दंतकथा सांगणाऱ्याला एक गोष्ट कळली होती: घाम गाळल्यावाचून नमदा होत नाही. तो घाम कोणाचा, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

क्रोशाकामाशी आपल्या ख्रिस्तसभेचा जुना संबंध आहे. १८४० च्या दशकातील आयर्लंडच्या दुष्काळात कॉर्क येथील उर्सुलाइन धर्मभगिनींनी हे काम शिकवून गरीब घरांना आधार दिला. आंध्रातील नरसापूरला लेसकाम मिशनऱ्यांनीच नेले. त्याच नरसापूरच्या स्त्रियांवर जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. माल परदेशी जात होता, पण करणाऱ्या स्त्रीला कामगार न मानता 'घरी बसलेली गृहिणी' मानले जात होते. म्हणून तिचे तास कोणी मोजत नव्हते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात बजावले होते, की गरजेपोटी कामगाराने कमी वेतन मान्य केले, तरी तेवढ्याने ते न्याय्य ठरत नाही. गुरुविद्यालयात आम्ही ते परिपत्रक अभ्यासले होते, परीक्षेत त्यावर उत्तमही लिहिले होते.

आणि तरीही, पूर्वीच्या एका धर्मग्रामात आम्हीच महिला मंडळाला क्रोशाच्या फितींची कामे मिळवून दिली होती. बाहेरच्या चर्चमधील वेदीवस्त्रांसाठी एका फितीला ५०० रुपये, असा दर आम्हीच ठरवला होता आणि स्वतःवर खूश होतो. टिरोलहून परतल्यावर आम्ही तेथील एका मावशींना गाठले आणि पुढच्या फितीचे तास लिहून ठेवण्यास सांगितले. महिन्याने त्यांनी कॅलेंडरच्या मागे ओढलेल्या रेघा दाखवल्या. ६२ तास. म्हणजे तासाला आठ रुपये.

मावशी संकोचून म्हणाल्या, "फादर, देवाच्या कामाचा कसला हिशोब?"

आम्ही म्हणालो, "मावशी, आपल्या वेदीसाठी तुम्ही जे विणता ते तुमचे दान. त्याचा हिशोब देव ठेवील. पण दान देणाऱ्याने ठरवायचे असते. जे विकायचे, त्यात तुमच्या वतीने आम्हीच दान करून टाकले, ते आमचे चुकले."

दर वाढवला तेव्हा काही गिऱ्हाइके गेली. काही राहिली. मंडळाच्या कपाटात आता एक वही आहे आणि तीत सूत, पैसे आणि तास असे तीन रकाने आहेत.

राखाडी टोपी वसईत कधी घालता आली नाही. ती डांबरगोळ्यांसह आमच्या पेटीत आहे. चर्चच्या सणाचा बाजार जवळ आला, की आम्ही ती काढून पाहतो आणि मग वस्तूंचे दर ठरवायला बसतो.