इंडिश, इंडिशे, इंडिशर

जर्मनमध्ये देशांच्या नावांवरून होणारी विशेषणे बहुधा ‘इश’ने संपतात: इंडिश, पोल्निश, इटालिएनिश. ‘डॉइच’चा घाट वेगळा, पण प्रत्यय त्यालाही तेच लागतात. ‘डेअर टे इस्ट इंडिश’, म्हणजे चहा भारतीय आहे, अशा विधानात विशेषण कोरेच राहते. ते नामाच्या आधी बसले की प्रत्यय आलाच.

मराठी विद्यार्थ्याला ही कल्पना परकी नाही. ‘चांगला’, ‘चांगली’, ‘चांगल्या’ तो सहज बोलतो. घोटाळा असा की ‘भारतीय’ किंवा ‘जर्मन’ ही विशेषणे मराठीत अविकारी आहेत; त्यामुळे ‘गूट’ला बिनचूक प्रत्यय लावणारा ‘इंडिश’ मात्र तसाच सोडून देतो.

पाठ्यपुस्तके तीन तक्ते देतात. ते घोकण्याआधी त्यांतला हिशेब पाहावा: लिंग आणि विभक्ती एकदा कुठेतरी स्पष्ट व्हायला हवी. ‘डेअर’ या उपपदाने ते काम केले की विशेषणाला ‘ए’ पुरतो: डेअर इंडिशे टे. ‘आइन’वरून पुल्लिंग की नपुंसकलिंग ते कळत नाही, म्हणून उपपदाच्या शेवटचे व्यंजन विशेषणावर येते: ‘डेअर’चा र ‘आइन इंडिशर टे’मध्ये, ‘डास’चा स ‘आइन इंडिशस बुख’मध्ये. उपपद नसेल तर चतुर्थीत ‘डेम’चा म: मिट इंडिशम टे. ‘डेम’ हजर असेल तर मात्र ‘मिट डेम इंडिशन टे’. षष्ठीत ‘इंडिशन टेस’ होते, कारण तिथे स नामालाच लागलेला असतो.

‘श्वाइत्सर केझं’, म्हणजे स्विस चीज, यातला ‘र’ फसवा आहे. शहरांच्या नावांवरून होणाऱ्या ‘बर्लिनर’, ‘फ्रांकफुर्टर’सारखाच ‘श्वाइत्सर’ कधीच बदलत नाही आणि कॅपिटल अक्षराने लिहिला जातो. ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने त्साइटुंग’ या दैनिकात म्हणायचे तर ‘आल्गेमाइने’चे ‘आल्गेमाइनन’ होते, ‘फ्रांकफुर्टर’ ढिम्म. ‘श्वाइत्सरिश’ला मात्र प्रत्यय लागतात.

‘इंडिश’ला कॅपिटल अक्षर लागत नाही, इंग्रजीची सवय इथे नडते. विशेषनामाचा भाग असेल तर लागते: डॉइचे बान, आणि ‘बाय डेअर डॉइचन बान’.

राहता राहिला माणूस. भारतीय पुरुष ‘इंडर’, स्त्री ‘इंडेरिन’, दोन्ही सरळ नामे. जर्मन माणूस मात्र विशेषणासारखा चालतो: डेअर डॉइचे, आइन डॉइचर, स्त्री असेल तर आइने डॉइचे. राष्ट्रवाचक नामांत ही चाल एकट्या जर्मनांचीच.