सादळलेली ठिणगी

बंद पडलेल्या मोटारीभोवती जमणाऱ्या मंडळींचे मी तीन वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग 'ढकला'वाल्यांचा. गाडीला झाले आहे तरी काय, याच्याशी या मंडळींना काही कर्तव्य नसते. बाह्या सरसावून ती मागे उभी राहतात आणि पेट्रोलची टाकी कोरडी असली तरी गाडी पार कोलाडपर्यंत ढकलत नेण्याची त्यांची तयारी असते. दुसरा वर्ग 'कचरा आला असेल' म्हणणाऱ्यांचा. कार्बोरेटरात कचरा येतो हे त्यांनी कधीतरी ऐकलेले असते, आणि त्या एका ज्ञानावर ते जन्मभर वैद्यकी करतात. तिसरा वर्ग फारच लहान. तो बोलत नाही. बॉनेट उघडतो आणि हात मागे बांधून नुसता पाहत राहतो.

आमचे अण्णा या तिसऱ्या वर्गातले.

अण्णा रोह्याला वकिली करीत. १९७१ साली त्यांनी एक जुनी फियाट ११०० घेतली. वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. पुढे याच जातीच्या गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले आणि काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईच्या रस्त्यांवर इतकी वर्षे राबली की, २०२३ सालच्या ऑक्टोबरात तिच्यातली शेवटची टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा लोकांनी तिच्याबरोबर उभे राहून फोटो काढून घेतले. आमची गाडी मात्र करड्या रंगाची होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, समोरच्या बाकावर तीन माणसे आणि एक मूल बसेल एवढी ऐसपैस जागा, आणि स्वभाव थेट आमच्या आजीसारखा: कामाला वाघ, पण हवा बदलली की कुरकुर सुरू.

रोह्याला तेव्हा आगगाडी आलेली नव्हती. गावातले मेस्त्री ट्रकांच्या कामात बुडालेले. सुटा भाग हवा असेल तर मुंबईला जाणाऱ्या माणसाला चिठ्ठी द्यायची आणि आठ दिवस वाट पाहायची. त्यामुळे घरच्या घरी दुरुस्ती हा आमच्याकडे छंद नव्हता, गरज होती. ज्या घरात फुटलेल्या घागरीला डाग आणि फाटलेल्या धोतराला ठिगळ लावले जाई, त्या घराने गाडीलाही तोच न्याय लावला.

अण्णांची पद्धत वकिलाची होती. "गाडी सुरू होत नाही ही तक्रार झाली," ते म्हणत, "आरोपी कोण ते अजून ठरायचंय." त्यांच्या मते आरोपी तीनच: करंट, पेट्रोल आणि हवा. चौथा नाही. पहिला प्रश्न असा, की सेल्फ मारला तर इंजिन फिरते का? नुसते 'टिक टिक' होऊन दिवे मंदावत असतील, तर दोष इंजिनाचा नसून बॅटरीचा. त्यातही नवी बॅटरी आणायला धावायचे नाही. आधी तिच्या दोन टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी बुरशी पाहायची. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवायची, टोके कोरडी करून घट्ट आवळायची आणि वरून व्हॅसलिनचे बोट फिरवायचे. दहांतल्या चार वेळा खटला इथेच निकालात निघे.

इंजिन फिरते पण पेटत नाही, असे असेल तर एक प्लग काढायचा, तो वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. निळी, कडक ठिणगी पडली तर करंट निर्दोष सुटला. मग पेट्रोल पंपापर्यंत, पंपापासून कार्बोरेटरपर्यंत माग काढीत जायचे. ठिणगी पडलीच नाही, किंवा पिवळट, मरगळलेली पडली, तर पॉइंट, कंडेन्सर, वायरी यांच्या जबान्या घ्यायच्या. काढलेला प्लग अण्णा वैद्याने जीभ पाहावी तसा पाहत. विटकरी रंग म्हणजे प्रकृती उत्तम. काळी काजळी म्हणजे गाडी पेट्रोल जास्त पिते. तेलकट ओल म्हणजे रिंगा झिजल्या. धुराचीही अशीच भाषा होती. निळा धूर ऑइल जळल्याचा, काळा पेट्रोल वाया गेल्याचा. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल व रेडिएटरमधले पाणी घटत असेल, तर पाणी भलत्याच ठिकाणी शिरले आहे असे समजून तिथेच थांबायचे.

उन्हाळ्यात नागोठण्याकडे जाताना भिसे खिंडीच्या चढावर गाडी हमखास धापा टाकी. पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि पंपाला ती ओढता येत नसे. मग पंपावर ओले फडके टाकायचे आणि झाडाखाली पंधरा मिनिटे स्वस्थ बसायचे. रेडिएटरचे झाकण मात्र तापलेले असताना उघडायचे नाही, हा आमच्या घरातला श्रावणी सोमवारापेक्षा कडक नियम होता.

हे सगळे अण्णांचे शास्त्र झाले. पण खरे सांगायचे तर आमच्या घरातला सर्वांत मोठा निदानकार स्वयंपाकघरात होता, आणि त्याने आयुष्यात एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाही.

रोह्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा हा पाऊस छपरावर पडून थांबत नाही. तो भिंतीतून येतो, पुस्तकांत शिरतो, मिठाच्या बरणीत पाणी करतो. जुलैत आमची गाडी सकाळी सुरू होईना. सेल्फ चांगला फिरे, पेट्रोल भरपूर, पॉइंट घासून स्वच्छ केलेले. आणि दुपारी ऊन पडले की तीच गाडी काही न झाल्यासारखी सुरू होई. अण्णांनी दोन पावसाळे या अशिलापुढे हात टेकले होते.

१९७४ च्या जुलैतली गोष्ट. माझी धाकटी आत्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रात्री अकराच्या सुमारास तिला कळा सुरू झाल्या, आणि दोनच्या सुमारास सुईणबाईंनी बाहेर येऊन हलक्या आवाजात सांगितले, "वकीलसाहेब, पोर आडवं आहे. माझ्या हातात नाही. अलिबागला न्या." अलिबाग म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे, १९८१ साली या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. सिव्हिल इस्पितळ तिथे. वाट नागोठणे, वडखळ, पोयनाडवरून. बाहेर पाऊस असा कोसळत होता की, कंदिलाच्या उजेडात अंगणातली विहीर दिसत नव्हती.

गाडी सुरू होईना. अण्णांनी प्लग काढून पाहिला. ठिणगी नाही. दुसरा काढला. नाही. आत्याचे कण्हणे ओटीपर्यंत ऐकू येत होते आणि आजी देवापुढे बसून धावीर महाराजांना गाऱ्हाणे घालीत होती. मी बारा वर्षांचा, बॅटरी धरून उभा. अण्णांचे हात पहिल्यांदाच थरथरताना मी पाहिले.

आई चहाचे आधण ठेवून बाहेर आली होती. तिने विचारले, "ठिणगी पडते कुठून?" अण्णांनी डिस्ट्रिब्यूटरकडे बोट केले. बेकेलाइटचे काळे टोपण, त्यातून चार प्लगांना चार वायरी गेलेल्या. "उघडा बघू," आई म्हणाली. टोपण उघडले. आई त्याच्या आतून बोट फिरवून म्हणाली, "अहो, हे सादळलंय. माझी आगपेटी सादळते तशी."

एवढेच. पण त्या वाक्यात दोन पावसाळ्यांचा उलगडा होता. टोपणाच्या आत दवासारखी ओल धरली होती, आणि प्लगाकडे जाणारा करंट त्या ओलीवरून भलतीकडे पळत होता. दुपारी ऊन पडले की ओल वाळे, गाडी शहाणी होई.

कोणती वायर कुठे लागते याचा गोंधळ होऊ नये म्हणून आईने आपल्या शिवणाच्या पेटीतले चार रंगांचे दोरे आणून एकेका वायरीला आणि तिच्या जागेला बांधले. मग टोपण घेऊन ती चुलीपाशी गेली. वैलावर तवा उपडा घातला, त्यावर घडी केलेले फडके, फडक्यावर टोपण. वायरी ती पदराने पुसत होती. दहा मिनिटांनी टोपण हाताला ऊबदार आणि खडखडीत कोरडे लागू लागले. अण्णांनी ते बसवले, दोऱ्याला दोरा जुळवून वायरी लावल्या आणि किल्ली फिरवली. फियाट पहिल्या फटक्याला बोलली.

आत्याला मागच्या बाकावर निजवून आई तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. पहाटे पाचनंतर गाडी इस्पितळाच्या दारात उभी राहिली. ऑपरेशन झाले, मुलगा झाला, दोघेही सुखरूप राहिली. "आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं," असे डॉक्टर म्हणाले, ते अण्णांनी घरी येऊन कोणालाच सांगितले नाही. मला ते पुष्कळ वर्षांनी आईकडून कळले. तो आतेभाऊ आज पन्नाशी ओलांडून आजोबा होण्याच्या बेतात आहे.

त्यानंतर दर पावसाळ्यात रात्री टोपण काढून आणून चुलीपाशी ठेवणे हा आमच्या घरचा रिवाज झाला. विरजण लावले का, दार लावले का, आणि टोपण आणले का?

अण्णांनी मला शिकवलेली दुसरी गोष्ट मात्र हात कुठे थांबवावा ही होती. ब्रेक आणि स्टिअरिंग यांना त्यांनी घरी कधी पाना लावला नाही. ब्रेकचा पायटा मऊ लागला की गाडी उभी, आणि निरोप मेस्त्रींकडे. "सुरू न होणारी गाडी कोणाला मारत नाही," ते म्हणत, "न थांबणारी मारते." नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरायचे नाही, हाही त्यांचाच दंडक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्या ओसरल्यावर किल्ली मारून पाहण्याच्या मोहात पुष्कळांची इंजिने कायमची गेली. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरात असताना इंजिन फिरवले की आतले दांडे वाकतात. काही वेळा काहीही न करणे हीच दुरुस्ती असते.

आता गाड्यांना कार्बोरेटर नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही. बॉनेट उघडले तर काळ्या प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि त्याखाली संगणकाचे राज्य. गेल्या पावसाळ्यात माझी मुलगी ठाण्याहून रोह्याला आली. चार दिवस गाडी अंगणात उभी होती. पाचव्या दिवशी सुरू झाली, पण हिवताप भरल्यासारखी थडथडू लागली आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मुलीने एक काडेपेटीएवढे यंत्र स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवले आणि फोनवर वाचून दाखवले: "बाबा, दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगीचा घोळ आहे. कॉइल गेली असणार. नवी मागवते."

मी थोडा वेळ नुसता पाहत राहिलो. मग विचारले, "ठिणगी जाते कुठून?"

आम्ही वरचे झाकण काढले. दुसऱ्या कॉइलकडे जाणारी वायर कुरतडलेली, आणि इंजिनाच्या ऊबेशेजारी भाताचे काड, कापसाचे बोळे आणि आमच्याच देवघरातली एक वात. पावसाने बेघर झालेल्या उंदराने संसार थाटला होता. संगणकाने कोण रडतो आहे ते अचूक सांगितले. त्याला कोणी चिमटा काढला, हे सांगणे त्याच्या कामात बसत नव्हते. बॅटरीचे टोक सोडून आम्ही वायर जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि मुलगी सावकाश गाडी चालवीत दुरुस्तीला घेऊन गेली. कॉइलचे पैसे वाचले.

संध्याकाळी ती परत आली ती हार्डवेअरच्या दुकानातून बारीक जाळी घेऊनच. आई आता नव्वदीच्या घरात आहे. झोपाळ्यावरून तिने सगळी हकीकत ऐकून घेतली, थोडी हसली आणि नातीला म्हणाली, "जाळी लाव, पण आधी ते भाताचं पोतं पडवीतून हलव. उंदीर गाडीसाठी आलेला नाही."