दोन मिलिसेकंदांचा उशीर

चि. मुक्तास,


दाजींच्या विहिरीवरच्या पाच एचपी मोटरीला टंगटेस्टर लावून तू हिशेब केलास: ४१५ व्होल्ट, ८ अँपिअर, गुणिले १.७३२, म्हणजे पावणेसहा किलोवॅट. मीटर मात्र ४.६ दाखवतं. मधली वीज कोण खातं, असं विचारलंस. कुणीच नाही. तू काढलेस ते केव्हीए आहेत, किलोवॅट नव्हेत.

तुम्हाला कोसाइन फाय पाठ करायला लावतात, पण तो कोन म्हणजे वेळ आहे हे कुणी सांगत नाही. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. मोटरीची वेटोळी करंटच्या प्रत्येक बदलाला अडवतात, म्हणून तो व्होल्टेजच्या मागून येतो. पॉवर फॅक्टर, म्हणजेच हा कोसाइन फाय, ०.८ असेल तर कोन ३७ अंश, म्हणजे जेमतेम दोन मिलिसेकंदांचा उशीर. तेवढ्यात व्होल्टेजची दिशा फिरलेली असते, करंटची नाही. गुणाकार उणे येतो, आणि त्या फेजमधली ऊर्जा मोटरीकडून उलटी निघते. आवर्तनात दोनदा.

पुस्तकं याला पेल्यावरचा फेस म्हणतात. मला ते पटत नाही. फेसाशिवाय पेय पिता येतं. या येण्याजाण्याशिवाय मोटरीत चुंबकत्वच उभं राहत नाही.

तारेला मात्र कामाचा करंट आणि येरझारीचा करंट वेगळा कळत नाही. ती आठही अँपिअरनी तापते. स्टार्टरच्या मोटरकडच्या टोकांना २ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला की ही देवघेव बरीचशी तिथल्या तिथे, त्याच्यात आणि वेटोळ्यांत होते. पॉवर फॅक्टर ०.९५ च्या आसपास गेला की डीपीकडून येणारा करंट ६.७ वर उतरतो. तापणं करंटच्या वर्गाने चालतं, म्हणून त्यापुरता तारेतला तोटा जवळपास ३० टक्क्यांनी घटतो.

तरी शेतात कपॅसिटर टिकत नाहीत. महाराष्ट्रात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल २०२४ पासून माफ आहे. लावणाऱ्याच्या खिशात काही पडत नाही, व्होल्टेज सुधारतं ते साऱ्या लाइनचं. कारखानदाराला केव्हीएएचवर बिल येतं, म्हणून तो न सांगता लावतो.

कपॅसिटर बसवल्यावर स्टार्टरच्या आधीच्या तारेवर मोज. मोटरीच्या तारेवर मोजशील तर आठच दिसतील आणि मला खोटं पाडशील. सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. लगेच हात घालू नकोस.

तुझा,
मामा