खांबावरचं घर

आमच्या वाड्याच्या गणेशपट्टीवर फसली 1318 असं साल कोरलेलं आहे. निजामाच्या राज्यात सरकारी हिशेब फसलीतच चालायचा. इसवी सनात ते 1908-09 होतं. गाव अहमदपूर तालुक्यातलं, नांदेड जिल्ह्याच्या शिवेला लागून. खांबांचं सागवान किनवटच्या जंगलातून बैलगाड्यांनी आणलं, असं आजी सांगायची. दिंडीदरवाजातून आत आलं की दोन्ही अंगांना ढाळज, पुढे चौक, चौकाभोवती ओसरी आणि मागच्या सोप्यात देवघर नि धान्याची बळदं. वर माळवद. घर केवढं हे आमच्याकडे जुनी माणसं खणांत सांगतात, फुटांत नाही. मोजमापच मुळी खांबांपासून सुरू होतं.

मागच्या एका पावसाळ्यात मावळतीची भिंत फुगली. चुलतभावांचं मत पडलं की आता वाडा उतरवावा आणि स्लॅबचं घर बांधावं. जुन्या लाकडाचा एक व्यापारीही येऊन गेला. ओसरीतला कोरीव खांब तो हाताने चाचपत होता, ते मला बघवेना. मी म्हटलं, पाडायचं ते पाडू, पण आधी भिंत उघडून पाहू.

शेजारच्या गावचे मिस्त्रीमामा आले. फुगलेल्या भागातले दगड त्यांनी वरून एकेक करून काढले. अडीच फूट जाडीची भिंत, पण तिच्यात खरं तर दोन भिंती होत्या. बाहेरून घडीव दगडांचा एक पदर, आतून अनघड दगडांचा दुसरा आणि मधल्या पोकळीत चिपा नि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड सबंध उंचीत एकही नव्हता. "दोघी सख्ख्या दिसत्यात, पर एकमेकींचा हात कुठंच धरला न्हाई," मामा म्हणाले. माळवदाची पन्हाळ फुटली होती. तिथून पाणी मधल्या मातीत उतरत राहिलं आणि बाहेरचा पदर सुटत गेला.

पण भिंत काढली तरी माळवद जागचं हललं नाही. तुळया आणि त्यांच्यावरची लाकडं खांबांवर तशीच पेललेली होती. भिंतीत अर्धा बुजलेला एक खांब बुडाशी थोडा कुजला होता, बाकी सारे ठणठणीत. छपराचं ओझं लाकडाने वाहायचं आणि भिंतीने ऊन, वारा, चोर अडवायचे, अशी ही कामाची वाटणी. तिथे उभं राहून मला 1993 चा किल्लारीचा भूकंप नव्याने समजला.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. आमच्या गावात भिंतींना भेगा पडण्यावर निभावलं. आजीने आम्हा लेकरांना चौकात ओढून आणलं आणि नंतर कितीतरी रात्री आम्ही शेतातल्या आखाड्यावर काढल्या. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या पट्ट्यात मात्र गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. पुढे 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. 2002 च्या नकाशाने तो तिसऱ्यात नेला.

त्या ढिगाऱ्यांत कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडे उभे होते. भिंतींचे पदर सुटून दगड आत कोसळले होते आणि छताची माती झोपलेल्या माणसांवर आली होती. माळवदावर दोन फूट मातीचा थर असेल तर एका चौरस मीटरवर सुमारे एक टन वजन होतं. आमच्या भागात दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, आधीची काढायची नाही, अशी रीत. पिढ्यान्‌पिढ्या ओझं चढत गेलं. ही पांढरी माती बहुतेक गावच्या पडक्या गढीतून यायची, कारण शेतातली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, छतावर चालत नाही. आमच्या गावची गढी निम्मी अशीच माळवदांवर गेली.

भूकंपानंतर भीतीपोटी लोकांनी चांगली माळवदंही उतरवली. सागवान विकलं, वर पत्रे टाकले. त्या भीतीला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण दोष दगडाचा किंवा जुन्या घराचा होता, ही समजूत मात्र पटत नाही. काश्मीरमध्ये धज्जी दिवारीची घरं असतात, लाकडी चौकटींत दगड-विटा भरलेली. 2005 च्या भूकंपात त्यांतली बरीच टिकली. लाकडाचा सांगाडा आमच्याकडेही होताच. त्याला भिंत बांधलेली नव्हती आणि डोक्यावर नको एवढं वजन होतं, इतकंच.

म्हणून दुरुस्ती तिथूनच सुरू केली. आधी वरची माती उतरवली. कुदळीला वेगवेगळ्या रंगांचे थर लागत होते. आता वीतभर थर ठेवला आहे आणि त्याखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला आहे. उन्हाळ्यात घर पूर्वीएवढं गार राहत नाही, हे खरं आहे आणि आईची ती तक्रार रास्त आहे. खांब आणि तुळई यांच्या कोनात सुताराने तिरके टेके ठोकले. भिंत पुन्हा रचताना दर दोन फूट उंचीवर आणि आडव्या अंगाने चार फुटांच्या आत एकेक आरपार दगड घातला. दगडी बांधकामाच्या सरकारी मानकातही हेच अंतर दिलेलं आहे, आणि ते मानक निघालं 1993 सालीच. जिथे भिंत शाबूत होती तिथे ती न पाडता फक्त भोक पाडलं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेला गज ठेवून काँक्रीट भरलं. कुजलेल्या खांबाचं बूड कापून खाली उंच दगडी उथळं दिलं.

हा खर्च स्लॅबच्या घरापेक्षा बराच कमी आला. चुलतभावांनी आकडे पाहिले आणि व्यापाऱ्याला नाही कळवलं. त्यांतला धाकटा आता स्वतः पन्हाळी तपासतो.

ढाळजेची भिंत यंदा पावसाळ्याआधी उघडायची आहे. अडीच फूट लांबीचे दगड मामा जुन्या ढिगाऱ्यांतून निवडून ठेवताहेत. तेवढे लांब दगड फार मिळत नाहीत. उरलेल्या जागी गज आणि काँक्रीटच घालावं लागेल.