प्रमाणपत्र मोबाइलवर की वर्गात बसून?



अन्नसुरक्षेचे प्रमाणपत्र मिळवण्याचा आपल्याकडचा मुख्य मार्ग म्हणजे ‘फोस्टॅक’चे वर्ग. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ते २०१७ मध्ये सुरू केले. परवानाधारक व्यवसायात दर २५ कामगारांमागे निदान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, ही त्यामागची अपेक्षा. मूलभूत वर्ग साधारण चार तासांचा असतो, शेवटी प्रश्नपत्रिका असते, आणि प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. २०२० मध्ये कोरोनाच्या दिवसांत हे वर्ग ऑनलाइनही होऊ लागले. वर्गातले आणि ऑनलाइन, दोन्ही प्रमाणपत्रांचे मोल सारखेच आहे. फरक पडतो तो शिकण्यात.

मानोरा किंवा रिसोड तालुक्यातल्या बचत गटाच्या बाईला वर्गासाठी जिल्ह्याच्या गावी, वाशीमला, जाऊन यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. तिच्यासाठी ऑनलाइन वर्ग ही खरी सोय आहे. पाकिटावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख, घटकांची यादी, नोंदवह्या हा भाग पडद्यावर उत्तम समजतो. पापड, मसाले, डाळ पाकीटबंद करून विकणाऱ्यांना बहुतेक तेवढे पुरते.

स्वयंपाकाचे तसे नाही. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत, चैत्राच्या उन्हात, पहाटे शिजलेला भात दुपारपर्यंत पातेल्यात राहिला तर काय होते, हे नीट समजलेच पाहिजे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले उलटीचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायचे. हे आकडे परीक्षेपुरते पाठ होतात. पण तापमापी पातेल्याच्या कडेला न लावता मध्यभागी खोल धरायची, ही सवय कुणी हात धरून दाखवल्याशिवाय लागत नाही. हात धुणे, कच्च्या-शिजलेल्याच्या सुऱ्या वेगळ्या ठेवणे, तळणाचे तेल कधी टाकून द्यायचे, हेही तसेच. तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते वापरता येत नाही, पण ती मोजायची कशी हे डोळ्यांनी पाहावे लागते.

ऑनलाइन परीक्षेत आणखी एक धोका संभवतो: नाव चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईचे आणि उत्तरे मोबाइल चालवणाऱ्या मुलाची. असे प्रमाणपत्र जेवणाऱ्याच्या जिवाशी खेळते. म्हणून खानावळ, मंगल कार्यालय, महाप्रसाद सांभाळणाऱ्यांनी एक दिवस मोडून वर्गातच बसावे, आणि वर्ग मराठीत आहे का हे नाव नोंदवण्याआधी विचारून घ्यावे.

अन्न व औषध प्रशासनाकडची नोंदणी किंवा परवाना मात्र या प्रमाणपत्राने मिळत नाही. त्यासाठी अर्ज वेगळा. कामगारांची दरवर्षीची वैद्यकीय तपासणीही वेगळीच करून घ्यावी लागते.